पुण्यातून अल्पाइन स्की रेसर होता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलमर्ग, औली, सोलंगचे स्कीइंगचे कोर्स आटोपून मुलं पुण्यात परत येतात. गॉगलपुरता चेहरा गोरा, बाकीचा करपलेला आणि डोक्यात एकच खूळ: अल्पाइन रेसर व्हायचं, म्हणजे डोंगरउतारावर खांबांमधून वळत घड्याळाशी शर्यत करत स्कीवर खाली यायचं. मग पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं लिहूनच ठेवली आहेत. कुणालाही हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा हेतू नाही, हे आधीच सांगतो.

कोर्सला ‘ए ग्रेड’ मिळाली. म्हणजे रेसिंगची तयारी झाली ना?

नाही. कोर्समध्ये थांबायला, वळायला आणि धडपणे खाली यायला शिकवतात, आणि ते उत्तमच आहे. रेसमध्ये कुठे वळायचं हे तुम्ही ठरवत नाही, कोर्स लावणारा ठरवतो (रेसच्या आखलेल्या मार्गालाही ‘कोर्स’च म्हणतात). शिवाय मुलांना आवडतो तो भुसभुशीत ताजा बर्फ रेसरला नकोच असतो. वर्ल्ड कपच्या, म्हणजे मोसमभर गावोगावी चालणाऱ्या सर्वोच्च रेस-मालिकेच्या, उतारांवर बर्फात पाणी सोडून तो गोठवतात, म्हणजे साठाव्या स्पर्धकापर्यंत पृष्ठभाग टिकतो. अशा उतारावर स्कीची कडा धारदार नसेल आणि वजन बाहेरच्या पायावर नसेल तर माणूस सरळ कडेच्या सुरक्षा जाळीत.

प्रकार किती आहेत? आमच्या मुलीनं कोणता निवडावा?

मुख्य चार. स्लॅलममध्ये गेट, म्हणजे वळसा घालायचे खांब, अगदी जवळजवळ, पुरुषांची स्की किमान १६५ सेंमी, महिलांची १५५. जायंट स्लॅलममध्ये वळणं मोठी आणि स्की लांब, पुरुषांची १९३ तर महिलांची १८८ सेंमी. या दोन्हींत दोन फेऱ्या होतात आणि वेळेची बेरीज धरतात. सुपर-जी आणि डाउनहिल हे वेगाचे प्रकार, त्यात फेरी एकच. डाउनहिलला आधीच्या दिवसांत सराव फेऱ्या मिळतात, सुपर-जीला त्याही नाहीत. सकाळी कोर्स बघायचा आणि थेट उतरायचं.

वेग किती, हे मुलं हमखास विचारतात. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनची लाउबरहॉर्न डाउनहिल सुमारे साडेचार किलोमीटरची आहे, अडीच मिनिटं चालते. तिथे २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किमी मोजला गेला. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलच्या ‘श्ट्राइफ’वर सुरुवातीनंतर काही सेकंदांतच ८५ टक्के उताराचा टप्पा येतो आणि रेसर हवेत जातो. घड्याळ मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागात चालतं. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये महिलांच्या डाउनहिलमध्ये टीना माझे आणि डोमिनिक गिसिन यांची वेळ शंभराव्या भागापर्यंत सारखी निघाली आणि दोघींना सुवर्णपदक दिलं गेलं.

निवडीचं म्हणाल तर भारतीय मुलीपुढे व्यवहारात स्लॅलम आणि जायंट स्लॅलम हेच दोन पर्याय असतात. डाउनहिलला लागणारा लांब, दोन्ही बाजूंनी जाळ्या लावलेला उतार सरावासाठी मिळणंच दुरापास्त.

आता मुद्द्याचं. पुण्यात राहून हे करिअर होईल का?

पुण्यात राहून नाही. पुण्यातून निघून कदाचित. फरक प्रतिभेचा नाही, दिवसांचा आहे. युरोपातल्या रेसिंग शाळेतलं मूल वर्षाला शंभराहून जास्त दिवस बर्फावर असतं. ऑक्टोबरच्या अखेरीस ऑस्ट्रियात झ्योल्डनच्या हिमनदीवर वर्ल्ड कपचा मोसम उघडतो, मार्चमध्ये संपतो. मग झरमॅट, हिंटरटुक्सच्या हिमनद्यांवर सराव, आणि आपल्याकडे गणपतीची लगबग चालू असते तेव्हा मोठे संघ चिली, अर्जेंटिना नाहीतर न्यूझीलंडच्या हिवाळ्यात. आपलं मूल वर्षाकाठी दोन आठवड्यांचा एक कोर्स करतं. लिफ्टच्या रांगा, बंद पडलेली केबल कार आणि खराब हवा वजा करून बघा, हातात काय उरतं ते.

यावर पालक ‘बर्फ नसलेल्या’ देशांची उदाहरणं देतात. ती जरा नीट बघू. लुकास पिनेइरो ब्राटेन २०२४ पासून ब्राझीलसाठी खेळतो आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीव्हर क्रीकला ब्राझीलच्या नावावर पहिलं वर्ल्ड कप पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतलं स्थान, लागलं. पण तो घडला नॉर्वेत, आई ब्राझिलियन. झेंडा बदलता येतो, बालपणाचा बर्फ कुठून आणणार? क्रोएशियाची यानित्सा कोस्तेलिच वडिलांच्या हाताखाली तयार झाली आणि २००२ च्या ऑलिंपिकमध्ये तिनं तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. मोठी यंत्रणा मागे नव्हती हे खरं, पण झाग्रेब शहराला लागूनच स्कीइंगचा डोंगर आहे.

मला पटणारं उदाहरण एकच, डेव्ह रायडिंगचं. इंग्लंडमधल्या लँकशायरचा हा माणूस प्लास्टिकच्या कृत्रिम उतारावर शिकला. २०२२ च्या जानेवारीत, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो किट्झब्यूलची स्लॅलम जिंकला. अल्पाइन वर्ल्ड कपमधला ब्रिटनचा तो पहिला विजय. यातून घ्यायचं ते असं की उतार बर्फाचाच असला पाहिजे असं नाही, पण तो घराजवळ पाहिजे आणि आठवड्यातून अनेकदा पायाखाली आला पाहिजे.

सुरुवात कितव्या वर्षी करावी?

आल्प्समध्ये तीन-चार वर्षांची मुलं स्कीवर दिसतात. अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन सोळावं लागायच्या दोन दिवस आधी पहिली वर्ल्ड कप रेस धावली, १८ व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सेस्त्रिएरेला शंभरावा वर्ल्ड कप विजय. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएसच्या, मोठ्यांच्या रेस सोळाव्या वर्षापासून खेळता येतात. तोवर तंत्र अंगात मुरलेलं असावं लागतं. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा स्की पायात घातली असेल तर छंद म्हणून मनसोक्त करा.

एफआयएस पॉइंट्स म्हणजे काय? कमी असलेले चांगले की जास्त?

कमी. शून्याच्या जवळ जितके, तितके चांगले. विजेत्यापेक्षा तुम्ही किती मागे होतात आणि त्या रेसला आलेली मंडळी किती तगडी होती, यावरून आकडा निघतो. प्रत्येक प्रकारात वर्षभरातल्या सर्वांत चांगल्या दोन निकालांची सरासरी धरतात. ऑलिंपिकची पात्रताही याच पॉइंट्सवर ठरते, म्हणून आपले खेळाडू देशोदेशीच्या छोट्या छोट्या रेस खेळत हिंडतात.

यात एक दुष्टचक्र आहे. पॉइंट्स जास्त म्हणजे बिब नंबर, म्हणजे उतरायचा क्रम, मागचा. मागचा नंबर म्हणजे पुढच्यांनी खणून ठेवलेल्या चाकोऱ्यांतून उतरायचं. चाकोऱ्यांतून उतरलं की वेळ वाढते आणि वेळ वाढली की पॉइंट्स कमी होत नाहीत. पन्नासाव्या नंबरवरून पुढे येणारा रेसर दिसला की जाणकार एवढ्यासाठीच मान डोलावतात.

वर्ल्ड कपचा हिशोब याच्या उलटा. तिथे गुण मिळवायचे असतात: पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, असं उतरत तिसाव्याला १. स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये पहिल्या फेरीतले तीसच जण दुसऱ्या फेरीत जातात आणि तिसावा सर्वांत आधी उतरतो.

रेसचा दिवस कसा असतो?

प्रत्यक्ष धावणं मिनिटभराचं, बाकी दिवस त्याच्या तयारीचा. पहाटे उठून अंधारातच डोंगराकडे. दोन-चार मोकळ्या फेऱ्या मारून पाय जागे करायचे आणि मग कोर्सची पाहणी. रेसर गेटांच्या कडेकडेनं स्की आडवी धरून घसरत उतरतात. गेटांमधून स्कीइंग केलं तर बाद. कुठे उतार अचानक मोडतो, कुठल्या उंचवट्यामागचं गेट दिसत नाही, कुठे ताल तुटतो, हे सगळं डोक्यात भरायचं.

त्यानंतरचं दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याला गमतीचं वाटतं. सुरुवातीच्या झोपडीजवळ जगातले सर्वोत्तम खेळाडू डोळे मिटून उभे असतात आणि पंजा हवेत डावी-उजवीकडे वळवत असतात. मनातल्या मनात अख्खा कोर्स उतरून बघत असतात. बुटांची बकलं अजून सैलच, कारण घट्ट आवळलेला रेसिंग बूट दहा मिनिटंही सोसवत नाही. टेक्निशियन गुडघ्यावर बसून कडेवरून कानस फिरवतो, नखावर धार तपासतो. वॅक्स त्यानं आदल्या रात्रीच बर्फाचं तापमान आणि ओलावा बघून लावलेलं असतं. फ्लोरिनयुक्त वॅक्सवर २०२३-२४ च्या मोसमापासून बंदी आहे आणि स्की यंत्रानं तपासतात. वॉकीटॉकीवर खालून प्रशिक्षकाचा आवाज येतो, ‘अमुक गेटच्या खाली चाकोरी पडलीय, वरून धर’. मग बकलं आवळायची, आणि हातातल्या काठ्या पुढे रोवून फाटकाशी उभं राहायचं. जायंट स्लॅलमला ठरलेल्या क्षणाच्या पाच सेकंद आधीपासून पाच सेकंद नंतरपर्यंत निघायची मुभा असते. नडगीनं फाटकाची दांडी ढकलली की घड्याळ सुरू.

स्लॅलममध्ये गेटचा खांब टाळत नाहीत. नडगीनं आणि मुठीनं आडवा करत त्याच्या वरूनच जातात, म्हणून नडगीला, मुठीला आणि हनुवटीला कवच. दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पावलं गेटच्या बरोबर बाजूनं गेली पाहिजेत. एक टोक जरी खांबाच्या चुकीच्या बाजूनं गेलं तरी खेळ खलास. शिफ्रिनसारखी शिफ्रिन २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम दोन्हींत पहिल्या काही गेटांतच बाहेर गेली. वर्षभराची मेहनत, चार वर्षांची वाट, आणि हिशोब काही सेकंदांत मिटला. ज्या मुलाला गणितात एक मार्क गेला तरी जेवण जात नाही, त्यानं आधी एवढं स्वतःला विचारावं.

पैसा मिळतो का?

अगदी वरच्या मूठभरांना चांगला मिळतो. वर्ल्ड कपमध्ये बक्षिसाची रक्कम पुरुष-महिलांना सारखी असते आणि विजेत्याला हजारो स्विस फ्रँक मिळतात. पण तिसाव्या क्रमांकाच्या हाती पडतं त्यात त्या आठवड्याचं हॉटेलचं बिल भागलं तरी खूप. खरी कमाई प्रायोजकांची. हेल्मेटच्या कपाळावरची जागा सर्वांत महाग, कारण मुलाखतीत कॅमेरा तिथेच असतो. स्की कंपन्या नावाजलेल्यांना साहित्य, टेक्निशियन आणि मानधन देतात, बाकीच्यांना सवलतीत स्की देतात.

मधल्या फळीतले मग जगतात कसे? सरकारी नोकरीवर! इटलीचे कित्येक रेसर काराबिनिएरी किंवा वित्त पोलिसांच्या क्रीडा पथकात असतात, जर्मनी-ऑस्ट्रियात लष्कर आणि सीमाशुल्क विभागात. मुलाला परमनंट नोकरी लागावी ही इच्छा काही एकट्या सदाशिव पेठेची नाही. आपल्याकडेही लष्कर आणि आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) हेच स्कीइंगचे मोठे आधार आहेत. गुलमर्गला लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, औलीला आयटीबीपीची संस्था. मुलाला वर्दीची ओढ असेल तर त्या वाटेचा विचार मनापासून करा. बर्फावरचे दिवस आणि पगार दोन्ही मिळण्याची ती एक जागा आहे.

बक्षिसाची एक गंमत. फिनलंडच्या लेवीला स्लॅलम जिंकणाऱ्याला रेनडिअर मिळतं, नाव ठेवायचा मानही. २००५ मध्ये फ्रान्सच्या व्हाल दिझेरला अमेरिकेच्या लिंडसी व्हॉनला जिंकल्याबद्दल गाय मिळाली आणि पैसे घेण्याऐवजी तिनं गायच ठेवून घेतली. जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा घाटात हा किस्सा सांगितला तर लगेच समजेल.

आणि खर्च?

हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात, खरं तर पहिला असायला हवा. रेसिंग स्कीची एक जोडी बाइंडिंगसह (बूट स्कीला अडकवणारी पकड) लाखाच्या घरात जाते आणि एका जोडीत भागत नाही: स्लॅलमची वेगळी, जायंट स्लॅलमची वेगळी, सरावाची वेगळी, रेसची वेगळी. मूल वाढतं, बूट दर मोसमाला तोकडे. तरीही साहित्य हा खर्चाचा लहान भाग. प्रशिक्षक, लिफ्ट पास, युरोपातलं राहणं-खाणं, विमानात स्कीच्या लांबलचक बॅगा, व्हिसा, विमा. ही यादी महिन्यांच्या हिशोबात मांडली की फ्लॅटचा हप्ता किरकोळ वाटू लागतो. हा खर्च कोण उचलणार, याचं उत्तर नसताना मुलाला ‘ऑलिंपिक’ हा शब्द ऐकवू नये.

भारताकडून कोणी खेळलंय का?

हो. हिवाळी ऑलिंपिकमधला पहिला भारतीय जेरेमी बुयाकोव्स्की, जन्मानं पोलिश, १९६४ ला इन्सब्रुक आणि १९६८ ला ग्रेनोबलला अल्पाइनमध्ये उतरला. १९८८ ला कॅलगरीत शैलजा कुमार महिलांच्या स्लॅलममध्ये २८ वी आली. ही भारताची पहिली महिला हिवाळी ऑलिंपियन, आणि तिचं नाव आपल्या शाळांत कुणाला ठाऊक नसतं याची मला चीड येते. २००६ ला नेहा आहुजा, २०१४ ला मनालीचा हिमांशू ठाकूर. त्याची बहीण आंचल हिनं २०१८ च्या जानेवारीत तुर्कस्तानातल्या एफआयएस स्पर्धेत स्लॅलमचं कांस्य जिंकलं आणि स्कीइंगमध्ये भारताला पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळालं. २०२२ ला बीजिंगमध्ये अख्ख्या भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. धो धो पडणाऱ्या बर्फात जायंट स्लॅलम पूर्ण करून तो ४५ वा आला. स्लॅलम पूर्ण झाली नाही.

आरिफच्या वडिलांचा गुलमर्गला स्कीइंग साहित्याचा व्यवसाय, ठाकूर भावंडं सोलंगच्या परिसरात वाढलेली. उतार अंगणात होता, हे लक्षात घ्या.

दुखापतीची भीती वाटते. अतिशयोक्ती आहे का?

नाही. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटणं ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. मोठ्या रेसर्सच्या चरित्रात तो एकदा तरी येतोच. व्हॉनचा गुडघा २०१३ मध्ये श्लाडमिंगला गेला आणि सोची ऑलिंपिक हुकलं. पुढे निवृत्ती, २०२४ मध्ये गुडघ्याचं अर्धवट प्रत्यारोपण, आणि २०२५ च्या मार्चमध्ये, चाळिशीत, सन व्हॅलीला सुपर-जीत दुसरा क्रमांक. ऐकायला भारी, पण प्रत्येकाच्या वाट्याला असं पुनरागमन येत नाही. वर्ल्ड कपमध्ये डाउनहिल आणि सुपर-जीला २०२४-२५ पासून सूटच्या आत एअरबॅग सक्तीची आहे. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये इटलीचा मात्तेओ फ्रान्झोसो चिलीत सराव करताना पडला आणि दगावला. सरावाच्या उतारांवर रेससारखी जाळ्यांची तटबंदी नसते, हा वाद त्यानंतर पुन्हा पेटला. मुलाला कुठेही पाठवताना उताराचे फोटो नका मागू, कडेच्या जाळ्यांचे मागा.

पुण्यात तयारी काय करता येईल?

बरीच. इनलाइन स्केटिंग पुण्यात घरोघरी आहे आणि उतारावर गेटांमधून इनलाइन स्केट्सवर धावण्याचा इनलाइन अल्पाइन हा स्वतंत्र खेळही आहे. वजन बाहेरच्या पायावर टाकून वळायची सवय त्यात लागते. रहदारीच्या रस्त्यावर मात्र अजिबात नको. सिंहगड चढून दमछाक करून घेतात सगळे, पण रेसरला महत्त्वाचं आहे ते उतरणं, कारण स्कीइंगमध्ये मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. वेताळ टेकडीवरून ताबा ठेवून उतरा. बैठका, एका पायावरच्या बैठका, जिम्नॅस्टिक्स. ज्युदोही चालेल, पडायला शिकवतो.

बर्फच हवा असेल तर मुंबईहून तीनेक तासांच्या विमानप्रवासावर दुबईचा बंदिस्त उतार आहे, २००५ पासून. सर्वांत लांब पट्टी ४०० मीटरची. स्लॅलमची थोडी गेटं बसतात, पण तेवढ्यावर रेसर घडत नाही.

दहावीचं काय?

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फही फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही एकदम होत नाही. एनआयओएसची मुक्त शाळा हा एक मार्ग आहे. शाळेशी बोलून बघा, पण क्रीडागुणांच्या आशेवर राहू नका. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एकट्याला परदेशातल्या अकादमीत धाडायच्या मी विरोधात आहे. पालकांपैकी कोणी सोबत राहणार असेल तरच.

रेसर नाही झालं तर सगळं वाया?

वाया कसं जाईल? रेसिंगभोवती कितीतरी कामं आहेत: प्रशिक्षक, कोर्स लावणारे, स्की पेट्रोल (उतारावरचं गस्त आणि बचाव पथक), टेक्निशियन, फिजिओ. मनाली आणि गुलमर्गच्या संस्थांमध्ये बेसिक, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड अशा पायऱ्या चढत प्रशिक्षक होण्याच्या कोर्सपर्यंत जाता येतं. ट्रेकिंगची पार्श्वभूमी असलेल्या पुण्याच्या मुलांचं दमखमाच्या बाबतीत तिथे कौतुकच होतं. माझ्या मते पुण्याच्या मुलासाठी आधी उत्तम स्कीअर, मग प्रशिक्षक, आणि जमलं तर राष्ट्रीय स्पर्धा हा क्रम शहाणपणाचा. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्गला होतात, निदान एकदा प्रेक्षक म्हणून तरी जाऊन या.

निदान बूट तरी आताच घेऊन ठेवू का?

स्की भाड्यानं घ्या, बूट स्वतःचे असलेले बरे. पण माप नीट घ्या. स्की बुटांचे नंबर पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतात, नेहमीच्या चपला-बुटांचा नंबर सांगू नका. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून दोन नंबर मोठा घेतला तर टाच आत उचलली जाते आणि स्कीवर ताबाच राहत नाही. फ्लेक्सचा, म्हणजे बुटाच्या कडकपणाचा, आकडा मोठा म्हणजे बूट जास्त चांगला असंही नाही. १३० फ्लेक्सचा बूट चाळीस किलोच्या मुलाला वाकवताच येणार नाही. पुण्यातल्या उन्हाळ्यात घालून बघितलेला बूट मऊ वाटतो, गुलमर्गच्या थंडीत तेच प्लास्टिक कडक होतं, हे धरून चला. आतला लायनर काढून वाळवा, बकलं हलकी लावून ठेवा म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही, आणि माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका. स्की घेतलीच असेल तर पावसाळ्याआधी तळाला आणि कडांना वॅक्सचा जाड थर द्या, नाहीतर दसऱ्यापर्यंत पोलादी कडा गंजलेल्या असतील.